इलेक्ट्रॉनची उचल

अणूच्या नावापुढे लिहिला जाणारा ऑक्सिडीकरण अंक हा अणूच्या अंगचा गुण नव्हे. ती त्याच्या खात्यावर मांडलेली रक्कम आहे. हे सत्य रसायनशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत प्रारंभीच नमूद केलेले असते, परंतु परीक्षेत प्रश्न येतात ते त्यापुढच्या नियमांवर. त्यामुळे विद्यार्थी तेवढा परिच्छेद ओलांडून नियमांकडे धाव घेतात आणि पुढे पदवी हाती आली तरी मँगॅनीज नावाच्या धातूच्या पोटात धनभाराचे सात दाणे खरोखरच ठासून भरलेले असतात, अशी त्यांची समजूत कायम राहते. वस्तुस्थिती अशी की, संयुगात शेजारी बसलेले दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामायिक ठेवतात आणि ती जोडी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला थोडी सरकलेली असते. एवढा मोघमपणा रसायनशास्त्राच्या हिशेबनिसाला खपत नाही. ज्या अणूची ओढ अधिक, त्याच्या नावावर तो ती जोडी सबंधच्या सबंध मांडून टाकतो. ज्याचे इलेक्ट्रॉन गेले त्याचे तेवढे येणे झाले, म्हणून त्याच्यापुढे अधिक चिन्ह. ज्याने ते घेतले त्याचे तेवढे देणे झाले, म्हणून त्याच्यापुढे उणे चिन्ह. अशा रीतीने लिहिलेल्या येण्यादेण्याच्या आकड्यालाच ऑक्सिडीकरण अंक म्हणतात.

ही पद्धत समजण्यास जगातील इतर प्रदेशांना कदाचित अडचण पडत असेल. बीड जिल्ह्याला ती पडण्याचे काही कारण नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील गावेच्या गावे कुलूप लावून ‘कारखान्याला’ जातात, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील उसाच्या फडांवर तोडणीसाठी रवाना होतात, आणि त्यापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे कारखाना व मजूर यांच्यामध्ये उभा असलेल्या कंत्राटदाराकडून, आगाऊ रक्कम घेतात. या रकमेला उचल म्हणतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ धरले जाते, उचल त्या कोयत्याच्या नावावर पडते, आणि हंगाम संपेपर्यंत प्रत्येक मोळी त्या नावावरून वजा होत राहते. ज्या दिवशी काम झाले नाही तो ‘खाडा’ मात्र न चुकता पुन्हा चढतो. जिथे दोन जीव एका अवजाराच्या नावाने वहीत नोंदवले जातात, तिथे दोन अणूंची जोडी एकाच्या नावावर लिहिली जाते हे ऐकून कोणी दचकण्याचा संभव नाही. फरक एवढाच की, रसायनशास्त्रात उचल घेतो तो बलवान आणि देतो तो दुबळा.

बलवान कोण हे ठरवण्यासाठी विद्युतऋणता नावाची मोजपट्टी वापरतात. बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची शक्ती, हा तिचा अर्थ. लायनस पॉलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९३२ साली तिचे आकडे प्रथम मांडले. फ्लोरिन ३.९८ गुणांनी सर्वांत वर, त्याखाली ऑक्सिजन ३.४४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२० आणि लोखंड १.८३. आता कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील अंतर पाहिले तर ते अवघे ०.३५ आहे, म्हणजे त्यांच्यातली इलेक्ट्रॉनची जोडी जवळजवळ मधोमध उभी असते आणि कोणाची म्हणावी हे पंच नेमूनही ठरू नये. तरीही नियम नियमच असल्यामुळे दोन्ही इलेक्ट्रॉन कार्बनच्या खात्यावर जातात आणि हायड्रोजनच्या हाती नुसते येणे उरते. फरक ०.३५ चा असो की दीडाचा, निकाल सारखाच लागतो. या व्यवस्थेला न्याय्य म्हणण्याचे धाडस रसायनशास्त्रानेही केलेले नाही; ते तिला केवळ ‘सोयीची’ म्हणते.

ऑक्सिडीकरणाची कल्पना ज्याच्या प्रयोगांतून आकाराला आली तो आंत्वान लाव्हाझिए हा फ्रेंच शास्त्रज्ञ पोटासाठी सरकारी करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळीचा भागीदार होता, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे त्याने तराजूच्या साहाय्याने सिद्ध केले. वजनाचा हिशेब दोन्ही बाजूंना जुळलाच पाहिजे हा आग्रह वसुली करणाऱ्या माणसाला उपजतच असावा. त्या वसुलीपायी राज्यक्रांतीच्या धामधुमीत ८ मे १७९४ रोजी त्याचे मस्तक उडवण्यात आले, त्यामुळे हिशेबाची पुढची कामे इतरांकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉन सापडल्यावर ऑक्सिडीकरण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे आणि क्षपण म्हणजे ते मिळवणे असा व्यापक अर्थ रूढ झाला, ऑक्सिजनची हजेरी आवश्यक राहिली नाही, आणि १९३८ साली वेंडेल लॅटिमर यांच्या ग्रंथाने ऑक्सिडीकरण अवस्था ही संज्ञा प्रचारात आणली. म्हणजे ज्या कल्पनेपुढे अकरावीचा विद्यार्थी हात टेकतो, तिला या नावाने मिरवू लागून अजून शतकही झालेले नाही.

अंक काढण्याचे नियम थोडे आहेत आणि त्यांना ज्येष्ठतेचा क्रम आहे. पहिला नियम असा की, मूलद्रव्य स्वतंत्र असेल, म्हणजे त्याच्याशी दुसऱ्या कोणाचा व्यवहार झालेला नसेल, तर त्याचा अंक शून्य. लोहाराच्या भात्यापुढचे लोखंड, हवेतला ऑक्सिजन, साखर कारखान्याच्या गोदामातला पिवळा गंधक, सगळे शून्य. दुसरा नियम: एकाच अणूच्या आयनाचा, म्हणजे भार धारण केलेल्या अणूचा, अंक त्याच्या भाराइतका. तिसरा: संयुगात फ्लोरिन नेहमी –१. चौथा: सोडियम-पोटॅशियमच्या कुटुंबातले धातू +१ आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या कुटुंबातले +२. पाचवा: हायड्रोजन +१, परंतु धातूशी घरोबा केला तर –१. सहावा: ऑक्सिजन –२. सातवा आणि सर्वांत महत्त्वाचा: संयुगातील सर्व अंकांची बेरीज शून्य आली पाहिजे, आणि आयन असेल तर त्याच्या भाराइतकी. ज्याचा अंक ठाऊक नाही त्याला क्ष म्हणायचे, बाकीच्यांचे मांडून घ्यायचे आणि बेरजेवरून क्ष काढायचा. चौथीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, आणि ते अकरावीच्या मुलाला जमत नाही याचे कारण गणितात नसून अपवादांत आहे.

अपवादांत ऑक्सिजनचा हात कोणी धरू शकत नाही. जखम धुण्यासाठी दवाखान्यात वापरले जाते त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेले असतात, आणि सारख्याच बळाच्या दोघांत कोणी कोणाकडून घ्यायचे हा प्रश्नच उद्भवत नसल्यामुळे त्या बंधाचा हिशेब कोऱ्यावर सुटतो. प्रत्येकाला हायड्रोजनकडून मिळालेला एकच इलेक्ट्रॉन उरतो आणि अंक –१ येतो. पोटॅशियमच्या सुपरऑक्साइडमध्ये हाच गृहस्थ –१/२ वर उतरतो. फ्लोरिनपुढे तर त्याची सगळी मिजास उतरते आणि घेण्याऐवजी देण्याची पाळी येऊन तो +२ होतो. फ्लोरिनचे मात्र बोलणेच नको. बीड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते, तिथे बोअर कितीही खोल नेला तरी त्याचा अंक –१ च राहतो. साऱ्या आवर्तसारणीत इतका तत्त्वनिष्ठ अणू दुसरा नाही, आणि नेमका तोच दातांवर डाग पाडतो व हाडे ठिसूळ करतो.

नियमांची खरी कसोटी पोटॅशियम डायक्रोमेटपाशी लागते. दोन पोटॅशियम, दोन क्रोमियम आणि सात ऑक्सिजन असा त्याचा संसार. पोटॅशियमचे +२, ऑक्सिजनचे –१४, म्हणून दोन क्रोमियमचे मिळून +१२ आणि एकाचे +६. हा प्रश्न फळ्यावर पडताच, आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंत कोणत्याही वर्गात मागच्या बाकावरून पहिले उत्तर येते ते ‘सर, बारा यायलंय’ हेच. दोनने भागायचे राहून जाते. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की बहुपर्यायी प्रश्नपत्रिका काढणारे चार पर्यायांत १२ हा पर्याय आवर्जून ठेवतात, आणि तो त्यांना कधी निराश करत नाही. जोडीच्या नावावरची रक्कम एकाच्याच नावावर खपवणे हा दोष या जिल्ह्याच्या मुलांनी वर्गाबाहेरून आणलेला असावा, असे एखाद्या समाजशास्त्रज्ञाने म्हटले तर त्याचे खंडन करणे अवघड जाईल.

विशेष म्हणजे ज्या परीक्षेसाठी हे सारे चालते, त्या नीट नावाच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची गुणपद्धतीही याच भाषेत बोलते: बरोबर उत्तराला +४, चुकलेल्याला –१ आणि न सोडवलेल्याला ०. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण, आणि त्यांसाठी बीडच्या घराघरांतून लातूरला शिकवणीला गेलेली मुले. ज्या मांजरा धरणाचे पाणी लातूर शहर पिते ते धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. तेव्हा बीडचे पाणी आणि बीडची पोरे दोन्ही लातूरला जातात व तिथून गुणपत्रिका परत येते, असा हा दुहेरी व्यवहार आहे. तिथल्या शिकवणीत नियमांपेक्षा ‘ट्रिक’ला मान अधिक असतो. नियम समजायला तास लागतो आणि ट्रिक पाच मिनिटांत पाठ होते. अडचण इतकीच, की प्रत्येक अपवादासाठी वेगळी ट्रिक लागते आणि शेवटी पाठ केलेल्या ट्रिका मूळच्या सात नियमांहून संख्येने अधिक भरतात.

प्रयोगशाळेत हाच अंक डोळ्यांना दिसतो, निदान दिसल्यासारखा वाटतो. पोटॅशियम परमँगनेटच्या गडद जांभळ्या द्रावणात मँगॅनीज +७ असतो: पोटॅशियम +१, चार ऑक्सिजन –८, बाकी सात. हे द्रावण ब्युरेट नावाच्या उभ्या नळीतून फेरस लोहाच्या आम्लयुक्त द्रावणात थेंबाथेंबाने सोडतात. प्रत्येक थेंब पडताक्षणी क्षणभर जांभळा दिसतो आणि विरतो, कारण मँगॅनीज पाच इलेक्ट्रॉन घेऊन +२ वर येतो व त्या रूपात तो जवळजवळ बिनरंगी असतो, तर पाच लोखंडे एकेक इलेक्ट्रॉन देऊन +२ वरून +३ वर जातात. लोखंड संपले की पुढचा थेंब विरत नाही आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तो क्षण म्हणजे शेवट. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटमधली पातळी खालच्या वक्ररेषेवर न वाचता वरच्या कडेवर वाचायची असते, हे सर दरवर्षी सांगतात आणि मुले दरवर्षी विसरतात. तरीही जर्नलात सर्वांची तिन्ही वाचने दशांशापर्यंत तंतोतंत सारखी असतात. तीन सारख्या वाचनांना ‘सीबीआर’ म्हणजे स्थिर ब्युरेट वाचन म्हणतात, आणि प्रात्यक्षिकात ते निसर्गनियमाने येत नसून शेजारच्या टेबलावरून येते.

खेड्यात या विद्येचा रोजचा प्रयोग ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. पाण्याच्या टाकीत टाकायच्या विरंजक चूर्णाला सगळ्या महाराष्ट्रात टीसीएल म्हणतात, आणि पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे त्यात एक कॅल्शियम, एक ऑक्सिजन आणि दोन क्लोरिन असतात. नियम लावून पाहिले तर कॅल्शियमचे +२ व ऑक्सिजनचे –२ एकमेकांत फिटतात आणि क्लोरिनच्या वाट्याला शून्य येते. आता शून्य म्हणजे ज्याचा कोणाशी व्यवहार नाही तो. आणि असा अलिप्त क्लोरिन गावाची गॅस्ट्रोपासून सुटका कशी करतो, हे कोडे पडते. उत्तर असे की, दोन क्लोरिनपैकी एक ऑक्सिजनला जोडलेला असून +१ आहे, दुसरा सुटा आयन असून –१ आहे आणि शून्य ही त्यांची केवळ सरासरी आहे. जंतूंचा समाचार घेतो तो +१ वाला. तो जंतूंकडून इलेक्ट्रॉन हिसकावून –१ होतो. –१ वाला पहिल्यापासून काहीच करत नाही, परंतु सूत्रात त्याचेही नाव असते. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून केलेल्या तपासणीत, नमुना पिवळा झाला की पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे असे मानतात व नोंदवहीत तशी नोंद होते. ज्या दिवशी टीसीएल संपलेले असते त्या दिवशीही नोंदवही पिवळीच असते. त्याचे कारण रसायनशास्त्रात शोधू नये.

शून्याची सर्वांत मोठी करामत साखरेत आहे. उसाच्या साखरेच्या रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. हायड्रोजनचे +२२, ऑक्सिजनचे –२२, म्हणून कार्बनचा अंक शून्य. उसाने पानापानांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला तेव्हा हाच कार्बन +४ होता. सूर्याच्या प्रकाशावर दहा-बारा महिने राबून उसाने त्याचे चार इलेक्ट्रॉन परत मिळवून दिले आणि त्याला शून्यावर आणले. पुढे फडात पहाटे कोयता चालला, मोळ्या बांधल्या गेल्या, वाढे जनावरांना गेले, गाड्या कारखान्याच्या काट्यावर उभ्या राहिल्या. कारखान्यात गंधक जाळून, म्हणजे त्याला शून्यावरून +४ वर नेऊन, त्याच्या वायूने रसाचा काळपटपणा घालवला, आणि एवढे सगळे होऊन जी पांढरी साखर पोत्यात पडली तिच्यातल्या कार्बनच्या खात्यावर काय निघाले, तर शून्य. कोयत्यामागच्या जोडीला हा निष्कर्ष नवा नसतो. हंगामाच्या शेवटी मुकादम वही उघडतो तेव्हा पुष्कळदा याच आकड्याची ती अपेक्षा करते, आणि तो निघाला तर सुटलो म्हणून घरी येते.

या शून्याच्याही पोटात शिरून पाहिले तर तिथे अजिबात शांतता नसते. साखरेतल्या १२ कार्बनपैकी एक +२, एक +१, तीन –१ आणि उरलेले सात खरोखरीचे शून्य असतात. तीन आणि उणे तीन यांची बेरीज होऊन वर शून्याची पाटी लागते. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, ही पाटी फुटते. यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव साखरेतल्या कार्बनची वाटणी करतात: सहापैकी दोघांचे सगळे येणे वसुलीविना उभे करून त्यांना +४ वर नेतात व कार्बन डायऑक्साइड म्हणून हवेत सोडून देतात, आणि चौघांना सरासरी –२ वर आणून त्यांचे इथेनॉल करतात. दोन चोक आठ आणि चार दुणे आठ, बेरीज तीच. सरकार हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते, ते इंजिनात जळते, आणि सगळेच कार्बन +४ होऊन पुन्हा हवेत जातात, जिथून पुढच्या हंगामाचा ऊस त्यांना ओढून आणणार असतो. मूल्य आहे ते या चढउताराला. जळणातली ऊर्जा अंक बदलतो तेव्हाच सुटते, आणि ज्या कार्बनचा अंक आधीच +४ ला टेकला, तो कितीही जाळला तरी पेटत नाही.

परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा सगळा व्यवहार याच वाक्यात मावतो. तिथे कोळशातला कार्बन शून्याच्या आसपासून +४ वर नेला जातो आणि त्या चार पायऱ्यांच्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून जनित्र फिरवले जाते. त्या पाण्यातला हायड्रोजन आत जाताना +१ आणि बाहेर पडताना +१, ऑक्सिजन –२ चा –२. म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या हिशेबात पाण्याला स्थानच नाही. असे असूनही २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये हे केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली ती पाण्यावाचून. ज्याचा अंक बदलत नाही त्याच्यावाचून काही अडत नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने मराठवाड्यातला एक मे महिना काढून पाहावा.

लोखंडाचे ऑक्सिडीकरण याहून संथ आणि फुकट होते. हंगाम संपल्यावर आढ्याला खोचलेला कोयता पहिल्या पावसात तांबूस होतो, म्हणजे त्याचे वरवरचे लोखंड शून्यावरून +३ वर जाते. पात्याची धार ज्या जागी दगडावर घासून घासून उजळलेली असते, नेमकी ती आधी डागाळते. अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गाच्या बाबतीत हा अभ्यास मोठ्या प्रमाणावर करता आला. २६१ किलोमीटरचा हा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि बीड शहरापर्यंत गाडी आली ती मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी. रुळाचा माथा चकाकतो तो गाड्यांची चाके त्यावरून फिरतात म्हणून. चाक फिरले नाही की त्यावर गंज चढतो. त्यामुळे एखाद्या रेल्वेमार्गाची प्रगती संसदेतल्या उत्तरांवरून न मोजता रुळाच्या माथ्यावरील लोखंडाच्या ऑक्सिडीकरण अंकावरून मोजावी, अशी सूचना रसायनशास्त्राच्या वतीने करता येते. शून्य असेल तर गाडी सुरू आहे आणि +३ असेल तर मागणी सुरू आहे.

लोखंडाचेच आणखी एक ऑक्साइड विद्यार्थ्यांची झोप उडवते. मॅग्नेटाइट या चुंबकी खनिजात तीन लोखंडे आणि चार ऑक्सिजन असतात. –८ ची भरपाई तिघांनी मिळून करायची, म्हणून प्रत्येकी आठ छेद तीन. इलेक्ट्रॉन तर अखंड देता येतो, त्याचा दोनतृतीयांश तुकडा कोणी दिला? अर्थातच कोणीही नाही. एक लोखंड +२ असते, दोन +३ असतात, आणि अपूर्णांक फक्त भागाकाराने निर्माण केलेला असतो. रसायनशास्त्र याबाबतीत प्रामाणिक आहे: अपूर्णांक दिसला की तो ताबडतोब सांगते की ही सरासरी आहे, असा अणू अस्तित्वात नाही. एकट्याने तोडणीला गेलेल्या माणसाला वहीत ‘अर्धा कोयता’ लिहितात तेव्हा असा खुलासा कोणी करत नाही. तो अर्धा माणूस सबंध ऊस तोडतो, सबंध भाकरी खातो आणि सबंध थंडी सोसतो.

नियम कुठे थांबतात हे शेवटी क्रोमियमच शिकवते. क्रोमियम पेंटॉक्साइड नावाच्या निळ्या संयुगात एक क्रोमियम व पाच ऑक्सिजन आहेत. पाठ केलेल्या नियमाने पाच दुणे दहा, म्हणून क्रोमियम +१०. उत्तर सुबक आहे, बेरीज शून्य आहे आणि तरीही ते चूक आहे, कारण क्रोमियमजवळ देण्याजोगे इलेक्ट्रॉन एकूण सहाच आहेत. तेव्हा रसायनशास्त्रज्ञ क्रोमियमला धारेवर धरत नाही, त्याच्या जवळ नसलेले चार इलेक्ट्रॉन पुढच्या अभिक्रियेत वसूल करण्याची नोंदही ठेवत नाही; तो आपलीच मांडणी पुन्हा तपासतो, त्याला आढळते की चार ऑक्सिजन पेरॉक्साइडच्या जोड्यांनी बसलेले असून प्रत्येकी –१ आहेत, आणि क्रोमियम मुकाट्याने +६ वर येतो. आजवरचा सर्वांत मोठा आकडा +९ हा २०१४ साली इरिडियमच्या एका आयनात सापडला, आणि इरिडियमजवळ बाहेरचे इलेक्ट्रॉनही बरोबर नऊच असतात. घेणाऱ्यालाही हीच मर्यादा आहे: ऑक्सिजनकडे जागा दोघांचीच, म्हणून –३ त्याच्या नावावर कोणाला लिहिता येत नाही.

ऐपतीपलीकडचा आकडा आला तर दोष खातेदाराचा नसून हिशेबाचा मानावा, आणि अणू शून्यावर आला की त्याच्या अंगावर मागची बाकी राहू नये, हे दोन संकेत बिनबोलक्या अणूंच्या बाबतीत सगळे जग पाळते. परळी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांत दर दसऱ्याला लाखो रुपयांच्या उचली वह्यांत चढतात, त्यांतल्या कित्येकांवर गेल्या वर्षीची बाकी आधीच बसलेली असते, आणि एका हंगामात दोन हातांनी किती ऊस तुटू शकतो याचा आकडा त्या वहीच्या कोणत्याही रकान्यात नसतो. अकरावीची मुले हे दोन्ही संकेत दोन गुणांसाठी पाठ करतात. त्यांतल्या एखाद्याने ते मुकादमाच्या वहीच्या पहिल्या पानावर नुसते उतरवून दिले, तर रसायनशास्त्राचा बीड जिल्ह्याला झालेला तो पहिला रोख फायदा ठरेल. अर्थात, दोनने भागायला तो विसरला नाही तर.